बोटभर फट

आपल्या शाळेत नववीत बाईंनी फळ्यावर दोन चेतापेशी काढल्या. एकीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश बाहेर नेणारा धागा, लांब ओढत दुसरीच्या वृक्षिकेपाशी, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांदीपाशी आणला आणि बोटभर जागा सोडून खडू खाली ठेवला. मला वाटलं, बाईंचं राहून गेलं. मी वहीत रेघ पुरी केली. वही तपासताना बाईंनी ती रेघ खोडली आणि शेजारी लाल शाईनं लिहिलं, ‘फट ठेव.’

आज मी चेताविज्ञानात काम करते आणि माझा बराचसा दिवस त्या फटीपाशीच जातो. प्रत्यक्षात ती साधारण २० नॅनोमीटरची. एवढ्याशा जागेवरून केवढा वाद झाला होता! पेशी रंगवायची पद्धत ज्यांनी शोधली ते कामिल्लो गॉल्जी मेंदूत एकच सलग जाळं असतं असं मानत. त्याच पद्धतीनं काप रंगवून सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ पासून पेशी सुट्या असल्याचं दाखवलं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गॉल्जींनी नोबेलच्या व्याख्यानातही आपलं मत सोडलं नाही.

या फटीतून संदेश रसायनाच्या रूपात पलीकडे जातो. मेंदूत बहुतेक वेळा ते ग्लुटामेट असतं. पलीकडे ते झेलणाऱ्या ग्राहींपैकी एक एनएमडीए. त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही. पलीकडची पेशीही त्याच वेळी उत्तेजित असावी लागते. तेव्हा कुठे बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. मग त्या जागी आणखी ग्राही येऊन बसतात, वृक्षिकेवरचा तो बारीक काटा फुगतो आणि पुढच्या वेळी तेवढ्याच संदेशाला जास्त जोरानं उत्तर मिळतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसती बसले होते. दोघी एकाच वेळी जाग्या आहेत हे हेरणारा रेणू!

बाई दर सोमवारी मागच्या धड्यांवरचे पाच प्रश्न विचारत. आम्हाला कंटाळा यायचा. पुढे चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांचं ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीवरचं काम वाचलं आणि त्या सोमवारांची किंमत कळली. तिला एकदाच थोडं शिकवलं तर असलेलेच सांधे, म्हणजे अशा फटींपाशी जुळलेले पेशींचे जोड, काही काळ घट्ट होतात. थांबून थांबून, पुन्हापुन्हा शिकवलं, तर पेशीतली जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं बनतात आणि चक्क नवे सांधे फुटतात. उलट बाजूही आहे: लहानपणी गरजेपेक्षा जास्त सांधे तयार होतात आणि वापरात नसलेले पुढे काढून टाकले जातात. आपण या शाळेत होतो त्या वयात ही छाटणी चालूच असते.

जिवंत उंदराच्या मेंदूतली एकच वृक्षिका मी पहिल्यांदा काही दिवसांच्या अंतरानं दोनदा पाहिली, तो दिवस विसरणार नाही. बहुतेक काटे जागच्या जागी होते. एक नाहीसा झाला होता. आणि थोडं पुढे, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे एक नवा कोंब. बाई, तेव्हा तुम्हाला हाक मारून दाखवावंसं वाटलं.

माझी नववीची वही घर बदलताना हरवली. आपल्या तुकडीतल्या कुणी त्या पाठाचं पान जपलं असेल, तर मला त्याचा फोटो हवा आहे.