उण्याचं उणे

उणे उणे एक्स म्हणजे एक्स. शाळेतलं गणित. पार्सर, म्हणजे लिहिलेलं सूत्र वाचून त्याचं झाड बनवणारा प्रोग्रॅम. त्या झाडावर एवढाच एक नियम चालवायचा होता. मित्राने तो ओकॅमल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून पाठवला, एका ओळीत: नेग (म्हणजे उणे), त्याच्या पोटात नेग, त्याच्या पोटात एक्स. माझ्या रस्ट भाषेत मात्र मॅचच्या, म्हणजे वस्तू पॅटर्नशी जुळवून शाखा निवडणाऱ्या रचनेच्या, पोटात दुसरा मॅच. त्याखाली त्याचं एवढंच, "अरे वा." दुपारपासून ते डोक्यातून जात नाहीये.

बॉक्स, म्हणजे वस्तू दुसरीकडे ठेवून तिचा पत्ता सांभाळणारा पॉइंटर, का लागतो हे मला कुणी शिकवायला नको. एनमच्या, म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी एक असणाऱ्या प्रकाराच्या, आत तोच एनम ठेवला की आकार अनंत होतो, कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) तिथेच अडवतो. ओकॅमलमध्येही खाली पॉइंटरच असतो, फक्त तो कुणी दाखवत नाही. इथे तो दिसतो आणि पॅटर्न त्याच्या दाराशी थांबतो. बाहेरचा नेग जुळला की बॉक्स हातात येतो, स्टार लावून उघडायचा, पुन्हा मॅच. आतला नाही जुळला तर काढलेलं सगळं नव्या बॉक्समध्ये भरायचं. बाहेरच्या मॅचच्या "बाकी सगळे" या ओळीकडे परत जाता येत नाही, ती आतही पुन्हा लिहायची.

२०१८ मध्ये रस्टची १.२६ आवृत्ती आली, साध्या रेफरन्समधून (दुसऱ्याची वस्तू फक्त दाखवणारा पत्ता) पॅटर्न आपोआप आत जायला लागले. वाटलं, पुढचा नंबर बॉक्सचा. पण बॉक्स पॅटर्न २०१५ च्या १.० च्याही आधीपासून नाइटलीत, म्हणजे रस्टच्या प्रायोगिक आवृत्तीत, पडून आहेत. सगळ्यांचं काही ना काही स्टेबल, म्हणजे पक्कं, होतं, माझंच नाही. (नोकरीबद्दल जे बोलणं झालं त्याच्याशी याचा संबंध नाही. बहुधा नाही.)

रात्री चिडून डीरेफ उघडून बसले, म्हणजे पॉइंटर उघडल्यावर काय मिळावं हे ठरवणारं ट्रेट (प्रकाराने पाळायचा करार). हे ट्रेट कुणीही लिहावं, आत काहीही करावं. म्हणून एक खोडसाळ पॉइंटर लिहिला: पोटात एक सेल (आतली किंमत गुपचूप बदलता येणारी डबी), विचारलं की एकदा खरं, एकदा खोटं. एकही अनसेफ (जिथे सुरक्षेची हमी कंपायलर नाही, लिहिणारा देतो) नाही, बिनतक्रार कंपाइल झाला. आता पॅटर्न याच्यातून आरपार जाऊ लागला तर? पहिली शाखा खरं आहे का विचारते, उत्तर खोटं. दुसरी खोटं आहे का विचारते, उत्तर खरं. दोन्ही हुकल्या, आणि कंपायलरने तर सगळे पर्याय झाले म्हणून हमी दिलेली. म्हणूनच नाइटलीतल्या डीरेफ पॅटर्नसाठी डीरेफप्युअर नावाचं अनसेफ ट्रेट आहे. माझा पॉइंटर असले चाळे करत नाही, असं लिहिणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर सांगायचं.

हसू आलं. इतका वेळ मी ज्या अडवणुकीशी भांडत होते तिचं कारण हेच.

पण बॉक्स कुठे चाळे करतो? तो तर कंपायलरचा लाडका. स्टार लावून आतली वस्तू मालकीसकट बाहेर काढता येते, आरसीला (अनेक मालकांचा पॉइंटर) ते कधी जमलं नाही. एवढे लाड, मग पॅटर्नमध्येच का हात आखडता? जाऊ दे.

त्याला लांबलचक उत्तर लिहायला घेतलं होतं, सेल आणि शाखांसकट. पुसून टाकलं. आतला मॅच उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये टाकला. आता नेगच्या शाखेत एकच ओळ दिसते. उद्या त्याला तेवढाच स्क्रीनशॉट पाठवणार, फंक्शन कापून.