तुम्ही विचारलंत म्हणून : मग हरवलं कोणाला?

अमळनेरला परत येऊन सहा वर्षं झाली, पण प्रश्न काही बदलला नाही. लग्नाच्या पंगतीत, सलूनच्या खुर्चीत, पेट्रोल पंपावर, कुठेही. "तुम्ही अमेरिकेत रेस खेळायचे म्हणे? पण फोटोत तर तुमची एकट्याचीच गाडी दिसते." माझे नानाकाका सगळ्यांच्या वतीने एका ओळीत विचारतात, "मंग तू हरावं कोनले?"

आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

त्या प्रकाराला ऑटोक्रॉस म्हणतात. सुटीच्या दिवशी एखादं भलंमोठं पार्किंग रिकामं मिळवायचं, त्यावर केशरी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेका गाडीने घड्याळ लावून ती पार करायची. एक फेरी मिनिटाच्या आत संपते. अशा तीन-चार फेऱ्या मिळतात, त्यातली सगळ्यात कमी वेळेची धरायची. शंकू पडला की दोन सेकंदांचा दंड, वाट चुकली तर फेरीच बाद. वऱ्हाडात शंकरपटाला जोडी सोडतात आणि सेकंद मोजतात ना, तसंच. बैलांऐवजी चार सिलिंडर, एवढाच फरक. वेगाचं म्हणाल तर बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्येच असते. धुळे रोडवरची काळीपिवळी याहून जोरात जाते, आणि तीही दहा-बारा माणसं कोंबून.

माझी गाडी होती 1971 सालची एमजीबी. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला 1962 ते 1980 ही गाडी बनत होती. दोन माणसांची, उघड्या टपाची. इंजिन 1798 सीसीचं आणि मागे चक्क पाटे, ट्रॉलीला असतात तसे. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. स्पर्धेच्या सकाळी तपासणीवाला सीट पुढे ओढून त्या दोन्ही हलवून बघायचा. एकदा एक जराशी हलली, तर मला रांगेतून बाहेर काढलं. पान्यासाठी लोकांच्या हातापाया पडत हिंडलो.

पण गाडीचा खरा जीव त्या दोन एसयू बनावटीच्या कार्बोरेटरांत. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन गुळासारखं चालतं, नाहीतर ठसकतं. ती जुळवायला मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचो, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूंऽऽ ऐकायचं, मग नळी दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्हीकडचा सूर एक होईपर्यंत स्क्रू पाव-पाव फिरवायचा. शेजारीण एकदा बायकोला विचारून गेली, यांना कानाचा काही त्रास आहे का?

आता हरवण्याचं. शर्यत घड्याळाशी असली तरी निकाल वर्गाचा लागतो. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही 1944 सालची संस्था या खेळाला 'सोलो' म्हणते, आणि तिची नियमावली वाचायला बसलात तर तलाठ्याचं दप्तर परवडलं. गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवलीत तर एक वर्ग, थोडा हात लावलात तर पुढचा, बरीच उसवलीत तर त्याच्याही पुढचा. टायरच्या रबराचासुद्धा आकडा बघतात. आमच्या तिकडच्या गावच्या क्लबने यापलीकडे जुन्या इंपोर्टेड स्पोर्ट्स गाड्यांचा आपला वेगळा वर्ग ठेवला होता. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, फियाट 124 स्पायडर, डॅटसन 240 झेड अशा. इंपोर्टेड हा शब्द ऐकून मला मजा वाटायची. लहानपणी आमच्याकडे अमेरिकेचं पेनसुद्धा इंपोर्टेड होतं, आणि इथे अमेरिकन माणूस विलायती गाडीला तोच शब्द लावत होता.

त्यातली ती 240 झेड सहा सिलिंडरची, 2393 सीसीची. तिला आमच्या वर्गात बसवणं हा सरळ अन्याय होता, हे मी आजही म्हणतो. पहिले दोन नंबर ठरलेलेच असायचे, उरलेल्यांत मी तिसरा-चौथा.

मग मला अवदसा आठवली. दोन्ही एसयू उतरवले आणि एकच मोठा वेबर बनावटीचा कार्बोरेटर चढवला. गाडी अशी उसळायला लागली की विचारू नका. पहिल्याच स्पर्धेत माझी वेळ दीड सेकंदाने सुधारली. आणि मी शेवटून पहिला आलो! कार्बोरेटर बदलला म्हणून आमच्या वर्गातून नाव काढलं आणि मुरलेल्या, उसवलेल्या गाड्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं होतं. त्यांच्यापुढे माझा एक वेबर म्हणजे मिसरूड फुटलेल्या पोराने तालमीत दंड थोपटण्यासारखं. उरलेला हंगाम तसाच काढला. हिवाळ्यात एसयू परत बसवले, नळी परत कानाला. पुढच्या वर्षी त्याच गाडीने, त्याच वर्गात, मी एकदा दुसरा आलो. एका 240 झेडला मागे टाकून. तिने शंकू पाडला होता, ही गोष्ट मी सहसा सांगत नाही.

गाडी तिकडेच विकली. इथे आणायचा खर्च ऐकून बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं.

पण खोड जात नाही. गेल्या मे महिन्यात कापसाचा हंगाम संपून ओळखीच्या जिनिंगचं आवार मोकळं पडलं होतं. वडिलांची पद्मिनी गाडी बाहेर काढली. शंकू कुठले मिळायला? पुतण्याने केळीचे प्लास्टिकचे क्रेट आणले, ते उपडे मांडले आणि प्रत्येकाभोवती फक्कीने चौकोन आखला. नियम असा की क्रेट सरकला तरी उभा असेल आणि चौकोनाला टेकून असेल, तर माफ. पुतण्या मोबाइलवर वेळ घेणार. नाना डोक्याला गमछा बांधून लिंबाखाली खाटेवर, नुसते बघायला.

पहिली फेरी बावन्न सेकंद. स्टिअरिंगखालचा गिअर टाकताना कोपर दारावर आपटलं. दुसरी पन्नास. तिसरीला शेवटच्या वळणावर मागचं चाक क्रेटला चाटून गेलं, पण पुतण्या ओरडला, "काका, एकोणपन्नास!"

मी दार उघडून उतरेपर्यंत नाना खाटेवरून उठून त्या क्रेटपाशी पोचले होते.

"नाना, उभा आहे तो. टेकलाय चौकोनाला."

नाना उकिडवे बसले. गमछ्याने कपाळ पुसलं, क्रेटच्या कडेने फक्कीवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं.

"रेघना बाहेर शे. दोन सेकंद टाक."