झोपलात तर सुरुंग पुढे सरकेल

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका खोलीत दर रविवारी मी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवतो: मी गोष्ट सांगतो, राक्षस आणतो; बाकीचे आपापलं पात्र घेऊन फासे टाकत त्यातून वाट काढतात. फी घेऊन चालवतो, कामच आहे ते. टेबलावर कुणी कंटाळलेलं दिसलं की रात्री जेवण गोड लागत नाही.

त्या रविवारी पाऊस कोसळत होता. पाचव्या लेव्हलची चार पात्रं, पडक्या किल्ल्याचं तळघर. पोरांना एक युक्ती सापडली होती: दालन उघडायचं, विझार्डने, म्हणजे जादूगाराने, दोन्ही फायरबॉल (आगीचे गोळे) टाकायचे, मग दाराला अडसर लावून झोपायचं. लाँग रेस्ट, म्हणजे खर्चलेली जादू परत आणणारी लांब झोप, चोवीस तासांत एकदाच मिळते, तर उरलेला दिवस ते नुसते बसून काढायचे. दुसऱ्या दिवशी सगळे ताजेतवाने.

मी राक्षस वाढवत गेलो आणि तिथेच चुकलो. एक फायरबॉल म्हणजे आठ फाशांचा मार. तो पचवणारा राक्षस आणला की तो समोरच्याला दोन फटक्यांत आडवं करतो. तिसऱ्या लढाईनंतर फायटर, म्हणजे तलवारीचा योद्धा, खेळणाऱ्या मुलीने फासे डबीत भरले आणि हळूच म्हणाली, "दादा, माझं इथं कामच नाही."

बरोबर होतं तिचं. फायटरचा दम तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये परत येतो. दिवसभर लढत राहणं हाच त्या पात्राचा गुण. २०१४च्या नियमांत दिवसाला सहा ते आठ लढाया धरल्या आहेत. आमच्याकडे एकच होत होती.

चहाला थांबलो. खिडकीतून अजिंक्यतारा ढगात अर्धा बुडालेला दिसत होता. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने याच किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग लावले होते. मी वहीच्या पानावर पाच चौकोन काढून ते टेबलावर मधोमध ठेवलं. "तळघराखाली शत्रू सुरुंग खणतोय. दिवस गेला की एक चौकोन भरेल. पाचवा भरला की बुरूज उडेल. झोपायला मनाई नाही." राक्षसही पुन्हा पहिल्याएवढे केले.

मग काय वादावादी! विझार्डवाला फायरबॉल राखून वापरायला लागला. वॉरलॉकवाला, म्हणजे दुसरा जादूगार, "तासभरच बसू, माझे स्पेल तेवढ्यात येतात" म्हणून मागे लागला. तरी दोन चौकोन भरलेच. सहाव्या लढाईत विझार्डकडे काही उरलं नव्हतं. अरुंद जिन्यात फायटर एकटी. ॲक्शन सर्ज, म्हणजे एका पाळीत दुप्पट वार करायची मुभा, घेऊन चार वार. तिसऱ्याला फाशावर वीस, सगळ्यात मोठा आकडा, पडला आणि ती खुर्ची मागे सारून उभीच राहिली.

आवरताना तो कागद तिने मागून घेतला. तीन चौकोन कोरे होते. "पुढच्या रविवारी मीच आणते, दादा."