चावी होती म्हणून

चौकशी अधिकारी म्हणून माझ्याकडे आलेलं ते प्रकरण कागदावर अगदी सरळ होतं. स्टोअरमधली मोटर गायब, चावी भांडारपालाकडे, म्हणजे चोर भांडारपाल. सादरकर्ता अधिकाऱ्यांनी, म्हणजे कार्यालयाच्या वतीनं आरोप मांडणाऱ्यांनी, बाजू मांडली आणि वर म्हणाले, "नेली नसेल तर त्यांनी तसं सिद्ध करावं."

"कशानं करायचं?" मी विचारलं. "मोटर नेली नाही याची पावती कुठे मिळते?"

ज्यानं आरोप केला त्यानं पुरावा द्यावा, हे तत्त्व रोमन सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायदेसंग्रहातही आहे. तरी दर चौकशीत ते नव्यानं सांगावं लागतं.

मी चावी-वही मागवली. कडेला तेलाचे डाग, सह्या एकमेकींवर चढलेल्या. दुसरी चावी सुरक्षा कक्षात असायची. त्या आठवड्यात ती तीनदा नेली होती, परत केल्याची नोंद मात्र दोनदाच. म्हणजे चावी इतरांच्याही हातात होती. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, याला सव्यभिचार हेत्वाभास (फसवं कारण) म्हणतात: दिलेलं कारण जिथे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नाही तिथेही सापडतं. अग्नी आहे म्हणून धूर असणारच असं म्हणावं, तर तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. चावी असलेला प्रत्येक जण चोर ठरत नाही, तसंच हे.

एवढ्यावर भांडारपाल सुटले असते. पण ते उत्साहानं बोलून गेले, "मोटर मीच दुरुस्तीला पाठवली होती."

आता हे विधान त्यांचं. ते सिद्ध करण्याची जबाबदारीही त्यांचीच. गेटपास मागितला, तो नव्हता. स्टॉकबुकात नोंदही नव्हती.

भांडारपालांची बाजू मांडणारे बचाव सहायक म्हणाले, "चोरी सिद्ध होत नाही ना? मग चोरी केलीच नाही असं लिहा."

तेही लिहिता येत नव्हतं. समोरच्याचा युक्तिवाद कोसळला की त्याचा निष्कर्ष खोटा ठरला, असं मानणं हीदेखील तितकीच मोठी चूक. खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघतात. इथे ते झुकतच नव्हतं. मी लिहिलं: चोरीचा आरोप सिद्ध झाला नाही, नोंद न ठेवल्याचा आरोप सिद्ध.

साहेब वैतागले. "मग मोटर नेली कुणी?"

"वहीत सह्या आहेत त्या माणसांचे जबाब कुणी घेतलेलेच नाहीत, साहेब. आधी ते घ्यावे लागतील."