पेठेतल्या काट्यांसोबत आमची वाटचाल

लहान गावाच्या पेठेतली दुकानं आठवली की अनेकांना आधी आठवतो तो काउंटरवरचा काटा. काउंटर साधारण ९० सेंटिमीटर उंच आणि त्यावर वीतभर उंचीचा काटा, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर नेमकी पारडी यायची. मोठी माणसं दुकानदाराशी बोलत आणि मूल पारडं कधी खाली जातंय ते पाहत उभं राही.

आमचा व्यवसाय याच काट्यांच्या दुरुस्तीतून उभा राहिला. सुरुवातीला किराणा, हार्डवेअर आणि औषधांच्या दुकानांतले काटे फेरपडताळणीआधी साफ करून, धारा (दांडी आणि पारडी ज्यांवर टेकून झुलतात त्या पोलादी कडा) तपासून द्यायचो. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि आम्ही त्यांतला लोडसेल, म्हणजे वजनाचा दाब विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बदलायला शिकलो. आता माळ्यावर पडलेले जुने काटे घरची मंडळी पुन्हा आणून देतात. त्यांना काटा चकचकीत हवा असतो, आम्हाला तो आधी खरा तोलणारा हवा असतो. चकाकी शेवटी.

टांगत्या तराजूच्या दांडीला तीन पोलादी धारा असतात: मधली टेकूची, टोकांच्या दोन पारड्यांच्या. तिन्ही जवळपास एका रेषेत हव्यात. मधली खाली राहिली तर दांडी सरळ एका बाजूला कोसळते आणि फार वर गेली तर काटा सुस्तावतो, चिमूटभर मालाची दखलच घेत नाही. दहापट भिंगाखाली धारेवर चमकणारी सपाट पट्टी दिसली, तर ती झिजलेली समजायची. धारेला तेल मात्र कधीही लावू नये. त्यावर धूळ बसते, घट्ट होते आणि काटा अडखळू लागतो.

दांडीचे हात असमान असणं हा सर्वांत फसवा दोष. एक हात २०० आणि दुसरा २०१ मिलिमीटर असेल, तरी पासंग (हलक्या बाजूला जोडलेलं छोटं वजन) लावून रिकामा तराजू समतोल दिसतो. माल टाकला की किलोमागे ५ ग्रॅमची तफावत पडते. तपासणी सोपी आहे. दोन्हीकडे एकेक किलोचं वजन ठेवा, मग वजनांची अदलाबदल करा. झुकाव वजनाबरोबर पलीकडे गेला तर दोष वजनात आहे, त्याच बाजूला राहिला तर दांडीत.

पारडी वर असलेल्या काउंटर काट्याची रचना फ्रेंच गणितज्ञ रोबर्व्हाल यांनी १६६९ मध्ये मांडली. त्यात वरच्या दांडीखाली, बैठकीच्या पोटात, आणखी एक आडवी पट्टी असते. ती बाहेरून दिसत नाही आणि पॉलिशवाल्याकडे काटा खुला झाला की हमखास हीच हरवते किंवा दुसऱ्या काट्याची बसते. तिची लांबी वरच्या धारांमधल्या अंतराशी जुळली नाही, की तोच माल पारड्याच्या मध्यात एक वजन दाखवतो आणि कडेला दुसरं. म्हणून कमाल क्षमतेच्या निम्मं वजन मध्यभागी आणि चारही कडांना ठेवून पाहिल्याशिवाय आम्ही काउंटर काटा परत देत नाही.

पितळी वजनं घासण्याचा मोह आवरा. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं पितळ जातं. अचूकतेच्या एम-१ वर्गातल्या १०० ग्रॅम वजनाला जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम चुकीची सूट असते, कमी अचूक एम-३ वर्गाला ५० मिलिग्रॅमची. लोखंडी वजनात बहुधा शिसं भरलेली खोबण असते. वजन नेमकं करण्यासाठी भरलेलं ते शिसं पडलं की वजन हलकं होतं. तिथे रंग भरून भागत नाही, मोजून शिसंच भरावं लागतं. ओतीव बैठकीवर वाळूचा मारा आम्ही करत नाही, उठावाची अक्षरं पुसट होतात. रंग उतरवण्याचं रसायन आणि तारेचा मऊ ब्रश एवढं पुरतं.

दांडीचा काटा कुठेही न्या, दोन्ही पारड्यांवर गुरुत्वाकर्षण सारखंच असतं, म्हणून वजन बदलत नाही. लोडसेलचं तसं नाही. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यात सुमारे ०.५ टक्क्याचा फरक पडतो, म्हणून तो वापराच्या जागीच जुळवावा लागतो. लोडसेल बहुतेक वेळा बिघडतो तो क्षमतेपेक्षा जड गोणी आदळल्यामुळे.

दुरुस्त झालेला काटा विक्रीसाठी वापरायचा असेल, तर आधी वैधमापन पडताळणी आणि शिक्का हवाच. शोभेसाठी ठेवायचा असला तरी आम्हाला पाठवताना पारडी काढून वेगळी गुंडाळा, दांडी धारेवरून उचलून बांधा आणि वजनं दुसऱ्या खोक्यात ठेवा. प्रवासात धारेवर बसलेले हादरे वर्षानुवर्षांच्या वापराहून अधिक झीज करतात.