मोबाईल कधी विकणार?

पंपावरचा मुलगा डिझेल भरता भरता विचारतो. समोरच्या टॉवरमधले काका सकाळी फिरून येताना आमच्या रोपांच्या नर्सरीच्या फाटकाशी थांबून विचारतात. दादा दर दिवाळीला विचारतो. आणि टाटाच्या सिएरा गाडीचं नाव बाजारात परत आल्यापासून तर ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला अनोळखी माणसंही काच खाली करतात, "मॅडम, विकायचीय का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न तयार. "मग नीट तरी करून घ्या. इंजिन बदला, पॉवर स्टिअरिंग टाका." आजवर ज्याला जे सुचेल ते सांगत आले. काकांना एक, दादाला दुसरं. दोघं कधी एकमेकांना भेटले तर माझी पंचाईत आहे. म्हणून एकदाच लिहिते. तुम्ही विचारलंत म्हणून.

आमची मोबाईल म्हणजे टाटाची पिकअप गाडी, टाटामोबाईल 206. 1990 ची, एमएच-04, पिवळी पाटी. देशात पहिला मोबाईल फोन वाजला 1995 साली. ओवळ्यात आमच्याकडे मोबाईल त्याच्या पाच वर्षं आधीपासून होती. घरात घोळ अजून चालू आहे. मोबाईल बंद पडली म्हणजे गाडी, बंद पडला म्हणजे फोन. सिग्नलवाल्यांना तिचं तोंड ओळखीचं वाटतं ते बरोबरच आहे, 1991 ची सिएरा हिच्याच सांगाड्यावर उभी राहिली. हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात आणि आकडा वाढतो. मागे हौद्यात शेणखत असतं, ते काही त्यांना दिसत नाही.

'विंटेज आहे, जपा' म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. 2021 च्या सरकारी नियमात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, खाजगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली गाडी. नोंदणीचे 20,000 रुपये भरायचे, पाटीवर 'व्हीए' अक्षरं घ्यायची, आणि मग ती रोज रस्त्यावर काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, एवढंच. आमची पन्नाशी गाठणार 2040 साली, आणि मालवाहू असल्यामुळे तेव्हाही विंटेज नव्हेच. ती फक्त म्हातारी आहे.

'जुन्या डिझेलवर बंदी आली ना?' ती दिल्लीची भानगड, इथली नाही. इथे दर वर्षी पासिंगला उभं राहायचं, पर्यावरण कर भरायचा, विमा काढायचा. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क इतकं वाढलं की पहिल्या वर्षी एजंटने आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं, तो स्वतःचे दोन वर्षांचे पैसे एकदम मागतोय.

आता 'नीट करून घ्या'बद्दल. मेस्त्रींचं म्हणणं असं की 1948 सीसीचं हे इंजिन दमलंय. थंडीत पांढरा धूर, चढाला काळा. हाफ इंजिन काम, म्हणजे इंजिन तेच ठेवून आतल्या रिंगा वगैरे बदलणं, केलं तर वर्ष-दीड वर्ष ढकलेल; त्यापेक्षा टाटाच्याच 207 पिकअपचं इंजिन मिळालं तर बसवून टाकू. मी म्हणते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, मूळ गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी, आरसीवर नवा नंबर, केवढे कागद. खरं आहे ते. पण कागदांना घाबरणारी बाई नर्सरी चालवू शकत नाही. हे कारण सांगायला सोपं पडतं, म्हणून मी ते पुढे करते.

न सांगितलेली गोष्ट वेगळी आहे.

जून 2019. वसईहून सोनचाफ्याची कलमं आणि मातीच्या कुंड्या भरून येत होते. कलमं नाजूक, म्हणून ती पुढे शेजारच्या सीटवर मांडली आणि मामा मागे हौद्यात बसले. मालाच्या गाडीत मागे माणूस बसवायचा नसतो हे मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. मामा नात्याने कुणी नव्हेत; जव्हारकडचे, बाबांच्या वेळेपासूनचे आमचे माळी.

त्याच्या दोन महिने आधी मेस्त्री म्हणाले होते, "ताई, ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलू. हिचा आता मिळत नाही. नव्या पिकअपचा अख्खा सेट बसवतो, बूस्टरसकट. थोडं ब्रॅकेट कापावं लागेल." मी म्हटलं, कापायचं नाही. आहे त्यात किट टाका. किट म्हणजे त्या सिलिंडरच्या आतले, ब्रेकचं तेल दाबून धरणारे रबरी कप. "सिलिंडरला आतून ओरखडे आहेत, नवं रबरसुद्धा टिकायचं नाही," असंही ते म्हणाले. स्पष्ट म्हणाले. मी किट टाकायला लावलं.

गायमुख घाटाचा उतार लागला तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. पुढे कंटेनर, त्याचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं. पुन्हा दाबला, आणि पाय खाली गेला तो थेट पत्र्याला टेकला. तिसऱ्यातून दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक खेचला. वेग कमी झाला, पण कंटेनर जवळच येत होता. डावीकडे खाडीच्या बाजूला रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली होती. तिच्यात घातली.

कुंड्या फुटण्याचा आवाज मी जन्मभर ऐकत आलेय. त्या दिवशी त्यात आणखी एक आवाज होता.

दार उघडून मागे धावले. मामा फाळक्याला टेकून, खापऱ्यांमध्ये बसलेले. तोंडावर लाल माती, डावा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेला म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने आणून ठेवावा तसा. मी काहीतरी बडबडत होते. ते म्हणाले, "आधी इंजिन बंद कर." मी ते चालूच ठेवून उतरले होते.

मनगट आणि गळ्याजवळचं हाड, दोन्ही मोडलं होतं. दवाखान्यातल्या फॉर्मवर 'अपघात कसा झाला' या रकान्यात मी लिहिलं: ब्रेक फेल. बाहेर आल्यावर दादाला फोनवर तेच सांगितलं, काकांना तेच. सगळे म्हणाले, "जुन्या गाडीचं असंच असतं." मी हो म्हटलं. गाडी जुनी होती म्हणून मामा पडले, असं इतकी वर्षं ऐकून घेतलं आणि सांगितलंसुद्धा. ती जुनी होतीच. पण तिला पर्याय सुचवलेला होता आणि मी नको म्हटलं होतं.

मामांना नंतर कुंडी उचलता येईना. गणपती झाल्यावर गावी गेले ते आले नाहीत. दवाखान्याचा खर्च मी केला, दिवाळीला पैसे पाठवते. हे लिहून वाचलं तर मलाच कसंतरी वाटतं, पण खोडत नाही.

अपघातानंतर मेस्त्रींनी नवा सेट बसवला. ब्रॅकेट कापलं. अर्धा दिवस लागला.

मग त्याच वेळी विकली का नाही? काकांना सांगितलेलं उत्तर: बाबांची आठवण. हे उत्तर इतकं छान बसतं की पुढे कुणी विचारत नाही. बाबा 2016 ला गेले, तेराव्याला मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की हिचा एक स्क्रूही बदलणार नाही. तेव्हाच्या मला आता धरून विचारावंसं वाटतं, कुठला स्क्रू गं बाई? बाबांनी हॉर्न बदलला, सीट दुसऱ्या गाडीची घातली, हौद्यात सागाच्या फळ्या ठोकल्या, रंग तीनदा दिला. मूळ असं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. ते मूळ माझ्या डोक्यात होतं.

आणि हे तर मी दादालाही सांगितलेलं नाही: 2005 ला टाटाचा एस, म्हणजे छोटा हत्ती आला तेव्हा बाबा तो बघून आले होते. माहितीपत्रक आणलं, चहा पिता पिता मला दाखवलं. मी म्हटलं, मोबाईल विकलीत तर नर्सरीत पाय ठेवणार नाही. सत्तावीस वर्षांची होते, रडून घेतलं. त्यांनी तो विषय परत काढला नाही. शेवटची काही वर्षं खांदा धरलेला असतानाही ते हेच जड स्टिअरिंग ओढत राहिले. मी शेजारी बसायचे.

हे वाचून 'म्हणजे विकायलाच हवी' असं म्हणू नका. विकायची कुणाला? कर्जतच्या एका गृहस्थांना ती फार्महाऊसच्या फाटकापाशी उभी करून हौद्यात पेटुनिया लावायच्यात. रोपं माझ्याकडूनच नेणार, दरही पाडून मागणार. भंगारात द्यावी तर सरकारमान्य केंद्र प्रमाणपत्र देतं, त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. गणित चांगलं आहे. नवी घेतली तर हप्ता आला, आणि समोर मेट्रोचे खांब उभे राहिल्यापासून नर्सरीची ही जागा भाडेपट्ट्यावर किती वर्षं राहील ते मालकालाही माहीत नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. यातलं एकही मी रात्री झोप येत नाही तेव्हा आठवत नाही.

मागच्या महिन्यात मामांचा फोन आला होता. लावणी झाली म्हणाले, पाऊस बरा आहे. मग, "मोबाईल आहे का विकली?" आहे म्हटलं. "विकून टाक," म्हणाले, आणि नातवाच्या शाळेबद्दल बोलायला लागले.

पासिंगची तारीख जवळ आली आहे. परवा मेस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, मला धूर दाखवला, विचारलं, "मग इंजिनाचं काय करायचं?" माझ्या तोंडून आलं, "सध्या रिंगा टाका." ते काही बोलले नाहीत. पाना शोधायला आत गेले.