बाहेरचा कोपरा

"मॅडम, बाहेरचा कोपरा दिसतोय ना?" सॉफ्टबॉलच्या सामन्यात मी पंच होते; माझ्या पुढे चेंडू झेलायला बसणाऱ्या कॅचरने एवढेच विचारले, तेही मागे न वळता, पुढच्या चेंडूसाठी बसता बसता. तिच्या सुरात उद्धटपणा नव्हता. तिने हुज्जत घातली असती तर मला काय बोलायचे ते ठाऊक होते. मी "हो" म्हटले, आणि ते "हो" आज दिवसभर मनात सलते आहे.

मी स्लॉटमध्येच, म्हणजे पंचाच्या ठरलेल्या जागीच, उभी होते. बॅटर उजव्या हाताची असल्यामुळे तिच्या आणि कॅचरच्या मधल्या फटीत डोके, डावा पाय पुढे, उजव्याचा चवडा डाव्याच्या टाचेच्या रेषेत, आणि हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेला. तेथून आतला कोपरा अगदी नाकासमोर येतो. बाहेरचा, म्हणजे बॅटरपासून दूरचा, मात्र प्लेटच्या (बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) 17 इंच रुंदीपलीकडे असतो, आणि चेंडू खाली असला तर त्याचा शेवटचा टप्पा कॅचरच्या खांद्याआड जातो. त्यातच ती प्रत्येक चेंडूला थोडी आत सरकत होती. फट मिटली की डोके वर घ्यायचे, तिला वळसा घालून पलीकडे जायचे नाही, हे मी पाळले. तरीही दिसतोय ना, हा प्रश्न उरतोच.

वेगवान पिचरचा चेंडू 43 फुटांवरून अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. तेवढ्यात निर्णय द्यायचा, तो मास्कच्या गजांतून, दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीमागून, आणि पाहण्याची जागासुद्धा आपल्या मर्जीची नसावी, याचे आज फार वाईट वाटले.

पण कॅचरला तरी काय दिसते? चेंडू तिच्या मिटमध्ये, म्हणजे हातमोज्यात, येतो तो प्लेट ओलांडून गेल्यावर. चांगला ड्रॉप बॉल, म्हणजे शेवटी खाली पडणारा चेंडू, गुडघ्याच्या उंचीवरून प्लेट पार करतो आणि मिटमध्ये शिरेपर्यंत जवळजवळ मातीला लागलेला असतो. तो मिट पाहून सगळे मैदान चेंडू ‘बॉल’, म्हणजे प्लेटवरच्या स्ट्राइक झोनच्या बाहेरचा, धरून चालते, आणि ‘स्ट्राइक’, म्हणजे झोनमधला, म्हणणारा पंच एकटा पडतो. ती आत सरकत होती तीही चेंडू नीट घेता यावा म्हणूनच, माझी दृष्टी अडवण्यासाठी नव्हे. हे लिहिता लिहिता तिच्यावरचा राग ओसरला. सल तेवढा गेलेला नाही.

दूरचा खालचा कोपरा अवघड राहणार, हे स्लॉट पत्करतानाच पत्करलेले असते. पलीकडे सरकले असते तर आतला कोपरा गेला असता, आणि दर चेंडूला जागा बदलणाऱ्या पंचाचा झोन कोणत्याच पिचरला कळत नाही. चेंडू मिटमध्ये विसावेपर्यंत डोके स्थिर ठेवून नुसते डोळे फिरवायचे, एवढे माझ्या हातात असते. त्या चेंडूला माझे डोके हलले नव्हते, याची मला खात्री आहे.